वरसून रापण

सी हॉकची जोडी पहिल्यांदा पाहिली
तेव्हा ती आवाजाच्या आधी आली.
निवतीच्या पुळणीवर चाळीस माणसं दोराला,
मी दहा वर्षांचा, दोराच्या शेपटाशी,
ओढायला नाही, ओला दोर गुंडाळायला.
किल्ल्याच्या कड्याआडून दोन चकचकीत सुरमया
माडांच्या शेंड्यांना शिवून गेल्या
आणि त्या गेल्यावर मग आभाळ फाटलं.
चाळीस माणसं वाळूत पालथी.
दोर ढिला पडला.
बापूस एकटा उभा, टाचा रोवून,
"ओढा रे मेल्यांनो! इमान काय खातला तुमका?"
तोवर बांगडा जाळ्याखालून निसटला होता.

मला बांगड्याचं काहीच वाटलं नाही.
रात्री जेवताना मी दोन्ही तळव्यांनी
त्यांचं वळण दाखवत होतो.
आईने माझ्या डाव्या पंखाखालून
ताट बाजूला सरकवलं.

पुढे नौदलात इंजिनांचा फिटर झालो.
दाबोळीच्या धावपट्टीवर सुपर कॉन्स्टेलेशन उभी असे,
मुशीसारखी वाकलेली पाठ, तीन शेपट्या,
चार इंजिनं, एकेकाला अठरा सिलिंडर,
आणि चारही गळकी.
चीफ कुरुविला म्हणायचा,
तेल गळायचं थांबलं की घाबर,
म्हणजे तेल संपलं.
माझ्या नखांतली मासळी गेली, तिथे ते तेल आलं.
आई म्हणाली, "ह्यो वास भातावांगडा जाणा नाय."

एका ऑक्टोबरात त्याने मला मागच्या खिडकीशी बसवलं.
काम एकच, डोळे फोडून समुद्र बघ.
चौथं इंजिन आधी खोकलं, निळा धूर ओकलं,
मग सगळं विमान दात वाजवू लागलं,
माझे धरून.
पाचशे फुटांवर सपाट.
तेरेखोलचं मुख. रेडीच्या खाणीचं तांबडं पाणी.
वेंगुर्ल्याचे खडक, त्यांच्यावरून उधळलेल्या पाकोळ्या.
ही नावं मला पायांनी माहीत होती,
एकेका नावाला अर्धा दिवस लागायचा.
आता कानात कोणी "चहा?" विचारेपर्यंत
खवणे मागे पडलं.

मग निवती.
पुळणीला टेकलेलं काळं अर्धवर्तुळ,
दोन्ही टोकांना मुंग्यांची ओळ.
मला ओरडायचं होतं, वळवा.
माईकमध्ये मी म्हणालो,
"मासेमारीचं जाळं एक, माणसं चाळीसेक,
संशयास्पद काही नाही."
आमची सावली पाण्यावरून त्यांच्याकडे धावली.
मुंग्या आडव्या झाल्या.
एक उभी राहिली.

दिवाळीच्या रजेत बापूस गजालीत सांगत होता,
"तीन शेपट्यांचा धूड इला, सगळो बांगडो गेलो."
मी चार दिवस गप्प.
पाचव्या दिवशी, होडीला काजूचं तेल लावताना,
म्हणालो, त्यात मी होतो.

त्याचा हात थांबला नाही.
फळीच्या टोकापर्यंत गेला, परत आला.
मग म्हणाला,
"वरसून रापण कशी दिसता?"

मी अंगठ्याने वाळूत काढली.
अर्धवर्तुळ, पण नीट नव्हे,
दक्षिणेची बाजू फुगलेली, मागे राहिलेली,
दिसली होती तशीच.
तो उकिडवा बसला. बराच वेळ.
जन्मभर ओढलेल्या जाळ्याकडे
पहिल्यांदाच न ओढता बघत होता.
मग त्या फुगवट्यावर बोट ठेवून,
"हयसर कोण? फटू कुबल.
माका संशय होतोच. मेलो नुसतो दोर धरता."

उठला, तेलाचं फडकं उचललं.
"परत इलंस तर जाळा काठाक लागल्यार ये,
आणि जरा फटूच्या टकलेवरसून जा."