शेवटचं अक्षर

गिरीशने फ्रिजवर यादी चिकटवली आहे :
सर्वेश, जयेश, मितेश, तनीश.
तनीश वहिनीने खोडलं,
तिच्या वर्गात त्या नावाचा एक मुलगा आहे, चावरा.
"पुढे काहीही असो, शेवटी श हवा,"
गिरीश म्हणतो.
पणजोबा व्यंकटेश, आजोबा मंगेश, बाप गिरीश.
आमच्या घरातले पुरुष श वर संपतात
आणि बायका दुसऱ्यांच्या घरी.

पंचांगाने पहिलं अक्षर दिलं. कुंभ रास, सा.
शेवटच्या अक्षराचं पंचांग नसतं.

बाबा सोप्यावर सुपाऱ्या सोलत बसलेत.
सत्तावीस वर्षं शिरगावच्या खाणीवर, क्रशरपाशी.
अंगावरची तांबडी धूळ निघाली कधीतरी, आंघोळी करून करून.
कानातून जे गेलं ते गेलंच.
तसं फार काही गेलं नाही :
स गेला. श गेला.
फोडणीतली मोहरी,
सुक्या पानांतून सरकणारं जनावर,
वहिनीचं "शू, बाळ झोपलंय."
बाकी सगळं ऐकू येतं. पोदेराचा भोंगा,
सारमानसच्या धक्क्याला लागणारी फेरीबोट,
शेजारच्यांचं भांडण तर शब्दन् शब्द.
म्हणून पिळगावात कुणी त्यांना बहिरं म्हणत नाही.
मला कळलं, कारण वेंगुर्ल्याहून फोन करून
"मी शैला" म्हटलं
की पलीकडून येतं,
"ऐला? कोण ऐला?"

परवा ते माडाच्या आळ्यात पाणी सोडत होते.
मी मागे उभी राहिले, दहा पावलांवर,
आणि हाक मारल्यासारखी नावं टाकत गेले.
सर्वेश.
पाणी वाहत राहिलं.
जयेश. खांदा जरासा हलला, पण तो माशीनेही हलला असेल.
केदार. मान अर्धी वळली.
मग जिभेवर आलं ते असंच,
डिचोलीच्या बाजारातल्या शिंप्याची पाटी आठवून :
उत्तम.
बाबा पाइप हातात घेऊन अख्खे वळले, माझे पाय भिजले.
"कोण उत्तम? खंय आयलो?"

म ओठ मिटल्यावरही चालू राहतो.
हाडातून जात असावा.
तिथवर क्रशर पोचला नसावा.

गिरीशला सांगणार होते.
पण तो पाळण्याला फुगे बांधत होता, तोंडात दोरा,
आणि त्या आधीच केकवर सर्वेश लिहून झालं होतं,
गुलाबी क्रीमने, श ची गाठ जरा बिघडलेली.

बारशाला आत्याचा मान.
मी वाकले, त्या एवढ्याशा कानाशी,
तीनदा सांगितलं : सर्वेश, सर्वेश, सर्वेश.
कुजबुजीत श फार मोठा होतो.
पाठीत बुक्के पडले. कुर्रर्र म्हणत बायका हसल्या.
घुगऱ्या वाटायला सुरुवात झाली.

आणि खुर्चीतून बाबा म्हणाले,
"कितें नांव दवरलें गो? म्हाका कोणूच सांगना."
"सर्वेश!" गिरीश ओरडला.
बाबा हसले. न ऐकल्यावर ते हसतात तसं.

मी त्यांच्याजवळ गेले, गुडघ्यांवर बसले.
कानात तेलाचा वास होता.
मी एकच शब्द सांगितला
आणि ओठ मिटून तो म थोडा धरून ठेवला.

बाबांनी सगळ्यांकडे पाहिलं
आणि मोठ्याने म्हणाले, "उत्तम!"
टाळ्या पडल्या.
गिरीशचे डोळे भरून आले, "बाबांना आवडलं नाव."
वहिनीने फक्त माझ्याकडे पाहिलं
आणि घुगऱ्यांचं ताट पुढे सरकवलं.

आता महिने झाले. गिरीश फोनवर सांगतो,
"बाबांचं काय विचारतेस, पोराला मांडीवर घेतात
आणि दिवसभर उत्तम, उत्तम.
एवढं कौतुक माझं नाही केलं कधी."
मी बरं म्हणते.
मागे बाबांचा आवाज येतो, मग एक बारीकसा हुंकार,
ओठ मिटून दिलेला.