उसनवारी, खोली नंबर नऊ

दर पाचव्या दिवशी पहाटे साडेतीनला
होस्टेलचा नळ आधी खोकायचा,
मग पाणी.
जिना उतरणाऱ्या बादल्यांच्या आवाजावरून
आम्ही एकमेकींना ओळखायला शिकलो.
संगव्वाची पत्र्याची, तस्नीमची कान तुटलेली.
श्रीलता येमूलची बादली नव्हतीच,
रंगाचा रिकामा डबा होता,
तळाशी अजून निळा.

वही माझ्या आधीपासूनची.
सुतळीनं खिळ्याला टांगलेली,
कव्हरवर नव्या पेठेतल्या सायकल दुकानाची जाहिरात,
आत जांभळ्या शाईत, कोण्या बॅचच्या कोणाचं अक्षर:
‘या खोलीत उसनं मागायचं, घ्यायचं, लिहायचं.
फेडायचं नाही.’
मी माढ्याच्या किराणावाल्याची पोर.
फेडायचं नाही तर लिहायचं कशाला बे?
संगव्वा म्हणाली, ‘तू लिही तर. कळंल की.’

तस्नीमकडून अर्धी बादली.
संगव्वाकडून कडक भाकरी दोन,
शेंगाची चटणी डब्याच्या झाकणानं एक झाकण.
माझी काळी चप्पल, तस्नीमला, मुलाखतीसाठी,
एक नंबर मोठी, पुढं कापूस कोंबून.
मला ताप भरला त्या रात्रीपुढं
श्रीलतानं लिहिलं होतं:
‘जाग, एक.’

गड्ड्याच्या जत्रेत दारूकाम बघून
फाटकावर पोचलो तेव्हा दहा वाजून गेलेले.
चौघींनीही एकाच आत्याला आजारी पाडलं.
होनराव बाई चावी फिरवत म्हणाल्या,
‘खोटं तरी वेगवेगळं बोला गं.’

गोडच होतं सगळं असं नाही.
पंख्याच्या वेगावरून
संगव्वा आणि तस्नीम दोन महिने बोलल्या नाहीत.
वही मात्र चालू:
‘तुझा साबण घेतला. बोलत नाही.’
‘घे. मी पण नाही.’

त्याच फेब्रुवारीत परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख.
श्रीलता पेटी भरत बसलेली.
बापाचे माग भंगारात गेले होते,
आई दिवसाला हजार विड्या वळायची,
ही म्हणे, ‘मला पण हात हाएत की ओ.’
पैसे पुढं केले
तर तिनं ते न बघताच कपड्यांची घडी घातली.
पुन्हा उलगडली. पुन्हा घातली.

संगव्वा उठली, पैसे घेऊन ऑफिसात गेली,
पावती घेऊन आली,
खिळ्यावरची वही काढली आणि लिहिलं:
‘श्रीलताला, पाणी, सदतीस बादल्या.’

श्रीलता ते पान धरून
बराच वेळ.
मग मान वर न करता,
‘सदतीस? एवढं पाणी मी कधी वापरलं ओ?’
‘उन्हाळ्याचा हिशेब आहे,’ तस्नीम म्हणाली.
दोन महिन्यांत संगव्वाच्या बाजूनं
तिचं ते पहिलं वाक्य.
पेटीतून आधी कंगवा बाहेर आला,
मग पुस्तकं.

होस्टेल सोडताना ती वही मी चोरणार होते.
पिशवीत घातलीही होती.
खाटेवर नवी पोरगी बसली होती, मंगळवेढ्याची,
रडून नाक लाल, विचारत होती,
‘ताई, एक बादली मिळंल का?’
मी वही परत खिळ्याला अडकवली,
तिच्या हातात पेन दिलं.

आता पुण्यात मला चोवीस तास पाणी आहे.
श्रीलता सोलापुरातच शिकवते,
अशोक चौकापासून आत, दोन खोल्या, तीन पिंपं.
पाळीच्या पहाटे अजूनही
तिचा मेसेज येतो, साडेतीनला:
‘आलं. सदतीस बाकी.’

मी उठते,
आणि उगाच
एक बादली भरून ठेवते.