पी

केमीत फेब्रुवारी. समुद्र गोठलेला,
आणि ऑस्मोच्या तळघरात पाच डिस्कांची घरघर.
दोघी एकमेकींचा आरसा,
तिघी हिशेबात बांधलेल्या: एक गेली
तर उरलेल्या दोघी तिचा आकडा सांगतील.
वर एक सॉफ्टवेअर, सगळ्यांना मिळून
एकच अक्षर देणारं, पी.
पाच डबक्यांचं एक तळं.
कुठलं पाणी कुठलं, विचारायचं नाही.

बर्फ फोडणाऱ्या जहाजावर एकतीस वर्षं मेकॅनिक होता तो.
इंजिनं जोडीनं बसवतात, म्हणायचा,
उगीच नाही.

नोव्हेंबरात तिघींतली एक टकटकू लागली.
काढली, नवी घातली, कॉफी चढवली.
सव्वीस तास टक्के सरकत राहिले
आणि हिल्क्काचा आवाज
कुठेही न अडखळता परत आला,
फोनवर ठेवलेला तो निरोप:
शेपू आण. आणि मेणबत्त्या.
छोट्या नकोत.

मग परवा, जागा करताना,
चष्मा कपाळावर,
त्यानंच पुसली ती फाइल.
खात्री आहे का, असं विचारलंही होतं यंत्रानं.
हो म्हणाला.

तिघींचा हिशेब लगेच जुळला,
तिच्यावाचून.
पाचही दिवे हिरवे.
तो खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला,
एखादा तरी लाल होईल म्हणून
बराच वेळ.

संध्याकाळी दुकानात
शेपूची जुडी घेतली त्यानं, सुकलेलीच होती.
मेणबत्त्यांपाशी थांबला.
मोठ्या कुठल्या म्हणायच्या,
हे तिनं कधी सांगितलं नव्हतं.