मुरड

उणे एकतीस.
यॉर्कटनमधले नळ आज भिंतींच्या आत फुटतायत,
आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, दोन-दोन मोजे चढवून,
लोकांची बुडालेली तळघरं एकेक करून उघडते:
फुगलेलं कपाट, एकमेकांना चिकटलेले लग्नाचे फोटो,
तरंगणारा एकच स्केटिंगचा बूट.
प्रत्येकाला एक आकडा लावते. प्रत्येकाला खेद कळवते.
खेदाचं वाक्य तयारच असतं, एका बटणावर.

पडद्यावर माझ्या नावाशेजारी हिरवा ठिपका.
हात पाच मिनिटं थांबला की तो पिवळा पडतो
आणि तिकडे रेजायनात कीलीला कळतं
की मी जागेवर नाही.

गुरुवारी मी जागेवर नसते.
साडेअकराला मनगटावरचं घड्याळ काढून उताणं ठेवते,
काचेवर माऊस.
सेकंदकाटा खालून फिरत राहतो,
ठिपका हिरवा राहतो,
आणि मी चर्चच्या तळघरात कोपरापर्यंत पिठात.

पिरोही. बटाट्याचं सारण, पातळ पारी,
अर्धी दुमडून कडेला मुरड.
नव्वद डझन, दर गुरुवारी.
विकून जे येतं त्यातून तीन घरांचं भाडं भरतो,
युद्धातून निघून इथल्या बर्फात उतरलेल्यांचं.
श्रद्धेचं म्हणाल, तर मला धड सांगता येत नाही.
रविवारी प्रार्थनेत ओठ हलवते,
आवाज शेजारच्या बाईचा असतो.
पण कड नीट दाबली नाही तर उकळत्या पाण्यात सारण सुटतं,
एवढ्यावर माझा पक्का विश्वास आहे.

ठिपक्याची गोष्ट मी तेक्ल्याला सांगून टाकली.
तेक्ल्या शहाऐंशीची. बोटं आल्याच्या कुड्यांसारखी,
मुरड मात्र सगळ्यांत बारीक.
‘तो ठिपका बघतं कोण?’
‘बहुतेक कोणीच नाही.’
‘तरी तू तेवत ठेवतेस?’
‘हो.’
तिने कोपऱ्यातल्या तसबिरीपुढच्या दिव्याकडे एकदा पाहिलं
आणि पुढची पारी माझ्याकडे सरकवली.
मला वाटलं, काहीतरी म्हणेल.
‘जाड लाटलीयेस,’ म्हणाली.

फेब्रुवारीत ओरिस्या गेली. टेबलाशी तिची जागा
कुणी घेतली नाही, कुणी रिकामीही ठेवली नाही,
आम्ही सगळ्या थोड्या थोड्या सरकलो.

मग त्या सोमवारी, सकाळचा चौथा दावा.
फोटो उघडला आणि मी ओळखलं ते टेबल,
पाण्यात गुडघाभर.
पिठाची पोती खालून काळी पडलेली.
खुंटीवर ओरिस्याचा एप्रन,
कोरडा, पाण्याच्या वर वीतभर.
नियमाप्रमाणे खूण केली: ‘माझा यात संबंध आहे.’
खाली एक चौकट येते, संबंधाचं स्वरूप लिहायला.
पन्नास अक्षरं.
बराच वेळ बसले. काही सुचेना.
ठिपका पिवळा झाला.
शेवटी लिहिलं, ‘गुरुवार’,
आणि दावा हॅलिफॅक्सच्या ड्वेनकडे पाठवून दिला.
खेदाचं बटण त्याने दाबलं असणार.
पत्र फादर झेनोन यांनी मोठ्याने वाचून दाखवलं,
माझंच वाक्य, शब्दन् शब्द. मी मनाला मुरड घातली,
चूप राहिले.

आता गुरुवारी त्या माझ्याकडे येतात.
सहाजणी, बूट दारात, बर्फ पायपुसण्यावर.
टेबलाचा अर्धा भाग माझा, अर्धा पारीचा.
घड्याळ परत मनगटावर.
परवा बैठकीत कॅमेरा चुकून चालू राहिला.
माझ्या मागे तेक्ल्या उकळत्या भांड्यावर वाकलेली,
तिच्या आवाजात जुनं स्तोत्र, अर्ध्या ओळी विसरलेलं.
कीली म्हणाली, ‘तुमच्या मागे कुणीतरी आहे.’
मी म्हटलं, हो.

संध्याकाळी कीबोर्ड उलटा करून झटकला.
पीठ पडलं, थोडंसं. बाकीचं अक्षरांच्या फटींत अडकलंय.
राहू दे.