पोटदुखीची गोळी

शनिवारी साडेपाचला, टिळकवाडीतल्या चर्चच्या मागच्या खोलीत
तोरणे पाळक आम्हा चौघांना ग्रीक शिकवतात.
चौघांत मी थोरली, अडुसष्ट. नजर अधू झाली,
तरी एकेक अक्षर सुईत दोरा घालावा तसं ओवते.
फळ्यावर शब्द लिहून ते म्हणाले,
वाचा, दोर्कस सिस्टर.

स्प्लांख्ना.

इनॅमलच्या ट्रेमध्ये काहीतरी ओलं पडावं
तसा आवाज झाला माझ्या तोंडात.

पाळक जरा लाजले. खडू बोटांत फिरवत म्हणाले,
म्हणजे आतडी. बळीच्या जनावराच्या आतलं सगळंच,
काळीज-बिळीज धरून.
आल्विन कॅम्पातल्या मटणाच्या दुकानात हिशेब लिहितो. तो हसला,
वजडी म्हणा की, सर.
होय, वजडी, पाळक म्हणाले. आणि नाईन गावच्या वेशीत
विधवेच्या एकुलत्या पोराची तिरडी बघून
प्रभूला जे झालं, ते क्रियापद ह्याच वजडीतून निघालंय.
आपल्याकडे तिथं कळवळा आहे.
यहूदा पालथा पडून फुटला
तिथंही शब्द हाच.

बाकीचे वहीत उतरवत होते.
मी बत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात काढली.
दिव्याखाली आतडी करडी-गुलाबी दिसतात,
ओल्या धुण्यासारखी हातातून निसटतात,
बाहेर काढून ठेवली तरी हलत राहतात
आपापली, कुणाला न विचारता.

मिरजेहून नवीच आले होते तेव्हा, सिव्हिलला.
कानडी म्हणजे 'बा' आणि 'होगु', एवढंच भांडवल.
रात्री अकराला बैलहोंगलकडची एक बाई
पोराला पाठुंगळी मारून आली.
मल्लेशी, वय सात. आतड्याला पीळ.
पोर आत घेतलं. बाई दाराशी बसली, दोन्ही हातांनी पोट धरून,
एकच वाक्य घोकत:
नन्न करुळ कित्त बरतैतरी, अक्कार.

वॉर्डबॉयला विचारलं, करुळ म्हणजे काय रे?
आतडं, तो म्हणाला, आणि स्ट्रेचर ढकलत गेला.

मी तिचा वेगळा केसपेपर केला.
नाव: निंगव्वा. तक्रार: पोटदुखी.
एक पांढरी गोळी, स्टीलच्या पेल्यात पाणी.
ती माझ्याकडे बघत राहिली.
मग गिळली.
पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला नाही कसं म्हणायचं,
म्हणून असेल.
किंवा तिला वाटलं असेल
आईनं घेतली की पोराला लागू पडते.

पोरगा पहाटे गेला.

कानडी पुढं आलं. आयांकडून, भाजीवाल्यांकडून,
शिव्यांसकट आलं.
एका शनिवारी खानापूरच्या बाजारात
लेकीला गाडीत बसवताना एक म्हातारी तेच वाक्य बोलली,
आणि मी हातातली मेथी खाली ठेवली.

आतडं तुटतंय गं, असं माझी आईही म्हणायची की,
मिरज स्टेशनात, गाडीनं शिटी दिली की.
तिला कुणी गोळी दिली नव्हती.

ह्या जिल्ह्यात पाट्यांना डांबर फासतात.
कुठली अक्षरं वर, कुठली खाली, ह्यावरून गाड्या अडतात.
आता ही तिसरी भाषा, दोन हजार वर्षांची, समुद्रापलीकडची,
आणि तिनंही हात नेला तो थेट पोटाशीच.

काही शंका, सिस्टर?

मी विचारलं, हे तो करतो,
की त्याला होतं?
पाळकांनी चष्मा वर सरकवला, मागची पानं चाळली,
बराच वेळ चाळली.
रूप बघता, म्हणाले, होतं म्हणावं लागेल.
आवरता येत नाही अशातलं.

वहीत अर्थाच्या रकान्यात मी लिहिलं:
पोटदुखी.
आल्विन वाकून बघत होता.
चुकलंय की, सिस्टर, म्हणाला, आणि खोडरबर पुढं केला.
मी तो घेतला,
आणि वरची तारीख तेवढी
दुरुस्त केली.