आधी पंप, मग पंखा

डोर्ले सर फाटकाशी उभे असतात.
गळ्यात शिटी,
शाळा सुटल्यापासून एकदाही न वाजवलेली.
घाईत आत शिरणाऱ्याला हातानंच अडवतात:
‘‘काऊन पळून राह्यले? हळू.
आपण आलो, हे आधी गुडघ्यांना सांगा.’’

मे महिना, पहाटेचे पाच.
सक्करदऱ्याच्या या मैदानावरची माती
रात्रभरात निवलीच नाही.
मी म्हटलं, सर, आता कशाला वॉर्म-अप,
नागपूरनं कालच भाजून ठेवलंय आम्हाला.
सर हसले नाहीत.
‘‘गाव तापलं म्हंजे तू तापली असं होत नाही, कुंदा.
बाहेरची आच वेगळी.
चाल. दोन फेऱ्या. बोलत बोलत.’’

मग घोटे. मग कंबर. मग खांदे.
पन्नाशीच्या आम्ही सात जणी
आणि झेरॉक्सवाला निकोसे,
हात गोल फिरवत उभे.
रस्त्यापलीकडच्या पोहेवाल्याला आम्ही रोज
न आलेलं एखादं विमान उतरवताना दिसतो.

कूलर आठवा, सर म्हणतात.
बटण दाबल्याबरोबर गार हवा मागतो तो येडा.
आधी पंप.
वाळ्याच्या ताटीत पार खालच्या काडीपर्यंत
पाणी जिरू द्या, वास येऊ द्या,
मग पंखा.
माझ्या डाव्या गुडघ्याला वास यायला
पंधरा मिनिटं लागतात.

धावणं त्यानंतर, बारा मिनिटांचं.
त्यात सांगण्यासारखं काही नाही.
निकोसे पुढे असतो, मी मागे.

खरी घाई सुटते ती नंतर.
कुणाचा डबा, कुणाच्या नळाची वेळ,
घाम पुसायच्या आत स्कूटीला किल्ली.
सर पुन्हा फाटकात, आडवे.
‘‘थांबायचं नाही, मंद व्हायचं.
पायात उतरलेलं रक्त वर चढू द्या.
एकदम थांबले तर बिचारं खालीच राहते
शेवटची बस चुकल्यासारखं.’’

मी एकतीस वर्षं मेडिकलला होते,
निम्म्याहून जास्त रात्री जळीत वॉर्डात.
साडेसातला चार्ज द्यायचा,
आठला घरी कणीक.
हातमोज्यांतून निघालेले हात सरळ परातीत,
मधे एक फेरीसुद्धा नाही.
सतरा नंबरच्या खाटेवरच्या त्या पोराला
मी तसंच सोबत आणलं.
पोळ्या लाटताना तो ओट्यापाशी उभा असायचा,
काही न मागता.
घरच्यांना वाटे, हिचा स्वभावच तिखट.
मलाही तसंच वाटे.
काम संपल्यावर थोडं नुसतं चालायचं असतं,
कुणासाठीच नाही असं,
हे नर्सिंगच्या कुठल्याच वहीत नव्हतं.

सरांनाही कुणी सांगितलं नसावं.
तीस एप्रिलला हार, शाल, फोटो.
एक मेला सकाळी सहाला
इस्त्रीची पांढरी पँट घालून ते जे खुर्चीवर बसले,
ते दुपारच्या जेवणापर्यंत.
त्यांच्या बायकोनं सांगितलं हे,
संक्रांतीच्या वाणाला, डब्याचं झाकण लावता लावता.
पुढचं ती बोलली नाही,
मी विचारलं नाही.

दुसरी फेरी संपते.
झाडांखालची माती तेवढी जरा बरी.
निकोसेच्या खांद्यावर हात टेकून
मी एका पायावर उभी,
दुसरा मागे वळवून धरलेला.
मांडीतली शीर आधी भांडते,
मग कुरकुरते,
मग ऐकून घेते.
पलीकडे तर्रीला उकळी आली आहे.
तो पोरगा अजून येतो,
पण हल्ली फाटकापर्यंतच.

तीस मोजायचे असतात.
सरांचे तीस कधीच तीस नसतात.
पंचविसापर्यंत नीट येतात,
मग कुठेतरी पाहत राहतात.
सव्वीस, ते म्हणतात.
कुणीच पाय सोडत नाही.
सव्वीस.