पाणी मुरतं तिथे

वादळ पूर्वेकडून आलं.
इथल्या धक्क्यांना पश्चिमेच्या वाऱ्याची सवय,
ते पाठ करून उभे होते चुकीच्या बाजूला.
दोन दिवस, दोन रात्री बाल्टिक श्लायमध्ये शिरत राहिला
आणि तिसऱ्या सकाळी माझा फोन वाजायला लागला.

मी गेशे लोरेन्झन. बोटींचं नुकसान पाहते.
विमा कंपनीची नाही, मालकाचीही नाही,
बिल कोणीही भरो.
पिशवीत नाण्याएवढ्या तोंडाची हातोडी,
ओल मोजणारं यंत्र, काठीला बांधलेला आरसा,
गुडघ्यांखाली घ्यायला जुन्या गालिच्याचा तुकडा.

सत्तावीस बोटी पाहून झाल्या.
एक दुसरीच्या अंगावर चढलेली,
एकीची डोलकाठी हार्बरमास्तरांच्या खिडकीतून आत.
एका केबिनमध्ये कपाटातले कप जागच्या जागी होते,
फक्त प्रत्येकात चमचाभर गाळ.

अठ्ठाविसावी किबिट्झ. म्हणजे टिटवी.
एकतीस फूट, क्रेनने उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली.
हिनर्क काल्झन शिडी धरून उभे राहिले.
शिडी धरायची काही गरज नव्हती.

मी ठोकत जाते, वितीवितीवर.
खण्. खण्.
फायबर धड असेल तर आवाज परत येतो.
आतून सुटलं असेल तर बद्द वाजतं,
आवाज आत जातो आणि तिथेच राहतो.
मी खडूनं गोल करते, पुढे सरकते.

उजव्या कुशीला, जिथे खांब रात्रभर घासत होता,
हात आत जाईल एवढं भोक. हे वादळाचं.
सुकाणू वाकलेलं. हेही.
कीलच्या दोन बोल्टांवरून उतरलेले गंजाचे ओघळ, हे नाही.
दोन दिवसांत गंज एवढा म्हातारा होत नाही.

आणि कीलच्या मुळाशी, रंगाच्या चार थरांखाली
एक ठिगळ.

"हे काय?"
त्यांनी टोपी काढली, परत घातली.
"थोर्गे. माझा मुलगा. अकरा वर्षांपूर्वी खडकावर घातली त्यानं.
मग सगळा हिवाळा शेडमध्ये काढला,
जेवायलाही घरात यायचा नाही.
मार्चमध्ये हाम्बुर्गला गेला.
खाली काय करून ठेवलंय, मी कधी वाकून बघितलं नाही."
विमावाल्यांना कळवलं होतं का, हे मी विचारायच्या आधीच
त्यांची मान हलली.
"लिहायलाच हवं का?"

हवं.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं लोक म्हणतात
तेव्हा त्यांचं बोट माणसाकडे असतं.
माझं यंत्र फक्त आकडा दाखवतं.
ठिगळाच्या डावीकडे बावीस.
उजवीकडे एकोणीस.
ठिगळावर चार.
पुसलं, परत लावलं. चार.

भोकापासून निघालेली भेग दीड हात खाली आली होती,
आडवीतिडवी, वाट शोधत,
आणि त्या पोराच्या कामाच्या कडेशी थांबली होती.

कलम चौदा मी तिथेच, गालिच्यावर बसून लिहिलं:
पूर्वीचा आघात, न कळवलेला. दुरुस्ती खाजगी.
थर सात, कडा उतरत्या घासलेल्या. ओल नाही.
सध्याच्या भेगेशी संबंध नाही.
पुढे लिहिलं, सुंदर काम. ते खोडलं.
अहवालात विशेषणं चालत नाहीत.
पहिल्या ओळीवरून कंपनी किती कापेल
आणि शेवटच्या ओळीवरून किती सोडेल,
ते माझ्या हातात नाही. तसं सांगितलंही.

ते ऐकत नव्हते.
मी हातोडी पुढे केली.
ब्याऐंशी वर्षांचा माणूस ओल्या रेतीत गुडघ्यावर बसला,
बोटीखाली वाकला, एकदाच ठोकलं.
खण्.
बराच वेळ तसाच वाकून होता.

अहवालाच्या तीन प्रती निघतात.
त्यांनी चौथी मागितली, हाम्बुर्गला पाठवायला.
रस्त्याचं नाव आठवलं,
घराचा नंबर आठवेना.
"विचारून सांगतो," म्हणाले, "विचारावं लागेल."

एकोणतिसावी बोट चिखलात आडवी पडली होती.
मी गालिचा झटकला.